जर्मनीची ख्रिसमस मार्केट्स: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी, तारखांपासून बॅग भरेपर्यंत

सगळ्यात आधी तारखांचं बोलू, कारण बाकी सगळं प्लॅनिंग त्याच्यावरच अवलंबून आहे. जर्मनीतली बहुतेक ख्रिसमस मार्केट्स, म्हणजे चौकात भरणारे नाताळचे बाजार, ख्रिसमसच्या आधी असतात, ख्रिसमस उजाडला की संपलं. आपल्याकडे होतं काय, मुलांच्या शाळेला 24-25 डिसेंबरला सुट्टी लागते, मग तिकीटही 25 चंच काढलं जातं, आणि तिकडे पोचल्यावर चौकात स्टॉलच्या फळ्या उतरवणारी माणसं आणि ट्रक दिसतात. एवढा व्हिसा, एवढा खर्च, एवढी थंडी, आणि ज्याच्यासाठी गेलो तेच नाही. म्हणून शाळेत आधीच बोलून चार-सहा दिवस सुट्टी मागा, ऑफिसमध्ये रजा ऑक्टोबरमध्येच टाकून ठेवा, पण 20 डिसेंबरच्या आत जाऊन या. हे जमणारच नसेल तर त्याचाही उपाय आहे, पुढे सांगते.

मार्केट नक्की कधी सुरू होतं

ख्रिसमसच्या आधीचे चार रविवार म्हणजे ॲडव्हेंटचे रविवार. पहिला ॲडव्हेंट 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबरच्या मध्ये कधीतरी येतो, 2026 मध्ये तो 29 नोव्हेंबरला आहे. बरीचशी मार्केट्स या रविवारच्या आधीच्या आठवड्यात उघडतात. न्यूरेंबर्गचं क्रिस्टकिंडलेसमार्क्ट ठरलेलं, पहिल्या ॲडव्हेंटच्या आदल्या शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला सुरू, 24 डिसेंबरला दुपारी 2 वाजता बंद. कोलोनच्या कॅथेड्रलसमोरचं तर 23 लाच आवरतं. प्रत्येक गावाची तारीख वेगळी, त्यामुळे बुकिंगच्या आधी त्या त्या शहराच्या टूरिझमच्या साइटवर त्या वर्षीच्या तारखा बघायच्याच, मागच्या वर्षीच्या व्हिडिओवर विसंबायचं नाही.

आता ज्यांना 25 च्या आधी निघताच येत नाही त्यांच्यासाठी. प्रागच्या ओल्ड टाउन स्क्वेअरचं मार्केट 6 जानेवारीपर्यंत चालतं. व्हिएन्नात राटहाउसप्लाट्झचं मोठं मार्केट 26 डिसेंबरपर्यंत आणि शोनब्रुन राजवाड्यासमोरचं जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत असतं, साल्झबुर्गला कॅथेड्रलच्या चौकातलं 1 जानेवारीपर्यंत. बर्लिनमध्येही काही मार्केट्स 31 डिसेंबरपर्यंत चालतात, जेंडारमेनमार्क्टचं त्यातलं नावाजलेलं. तेव्हा सुट्टी 25 नंतरचीच असेल तर सरळ प्राग-व्हिएन्ना-साल्झबुर्ग करा, जर्मनीतली छोटी गावं पुढच्या खेपेला.

शहरं किती करायची

कमी. मनापासून सांगते, कमीच करा. आठ दिवसांत नऊ शहरं अशी यादी घेऊन लोक जातात, रोज बॅग भरायची, रोज स्टेशन, आणि संध्याकाळी मार्केटला पोचेपर्यंत मुलं झोपलेली. शिवाय तिसऱ्या-चौथ्या दिवशी सगळी मार्केट्स सारखीच वाटायला लागतात. ती सारखी नसतात, पण फरक कळायला एका जागी दोन तास उभं राहावं लागतं, स्टॉलवाल्याशी दोन शब्द बोलावे लागतात. एका शहरात चार-पाच रात्री मुक्काम करा आणि तिथून दिवसा आजूबाजूच्या गावांना जाऊन या.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी माझं मत न्यूरेंबर्ग. मुंबईहून फ्रँकफर्ट आणि म्युनिक दोन्हीला थेट विमान आहे, म्युनिकहून फास्ट ट्रेनने न्यूरेंबर्ग तासाभरापेक्षा थोडं जास्त, फ्रँकफर्टहून दोन तासांच्या वर. आणि तिथे मुक्काम केला की बांबर्ग, वुर्झबुर्ग, रेगेन्सबुर्ग, रोटेनबुर्ग ही सगळी गावं सकाळी जाऊन रात्री परत येण्याच्या अंतरात. नंतर दोन-तीन रात्री ड्रेस्डेनला. बास, एवढं पुष्कळ झालं.

न्यूरेंबर्गचं मार्केट मुख्य चौकात भरतं, साधारण 180 स्टॉल, सगळ्यांवर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं कापड. या बाजाराचा सगळ्यात जुना पुरावा 1628 सालचा आहे. तिथे प्लॅस्टिकच्या पानांच्या माळा चालत नाहीत आणि रेकॉर्डेड गाणीही लावू देत नाहीत, त्यामुळे गर्दी कितीही असली तरी कानाशी स्पीकर नसतो, लोकांच्या बोलण्याचा आणि मधूनच खऱ्या वाजवणाऱ्यांच्या ट्रम्पेटचा आवाज येतो. उद्घाटन क्रिस्टकिंड करते, म्हणजे सोनेरी केसांची, मुकुट घातलेली, देवदूतासारखी मुलगी, ती फ्राउएनकिर्शं या चर्चच्या गॅलरीतून बोलते. दर दोन वर्षांनी शहरातल्याच 16 ते 19 वयाच्या मुलींमधून ही निवड होते. 2019 ला निवडलेली बेनिग्ना मुन्सी, तिचे वडील भारतीय, हे मला फार छान वाटलं होतं. उद्घाटनाला तुफान गर्दी असते, पण नंतरही क्रिस्टकिंड मधूनमधून मार्केटमध्ये मुलांना भेटायला येते, वेळापत्रक मार्केटच्या साइटवर मिळतं. त्याच चर्चवर 1509 चं घड्याळ आहे, रोज दुपारी बरोबर 12 वाजता बाहुल्या बाहेर येऊन सम्राटाभोवती फिरतात, त्याला पाच मिनिटं आधीच जाऊन उभं राहा.

बांबर्ग येशूजन्माच्या देखाव्यांसाठी प्रसिद्ध आहे, गावभर चर्चमध्ये आणि चौकांत ते मांडलेले असतात आणि एकेक बघत चालत फिरायचं. वसई किंवा गोव्याकडे ज्यांच्या घरी नाताळचा गोठा करतात त्यांनी तर बांबर्ग चुकवूच नये, कोणी मेंढपाळ कसे बसवलेत, चारा कशाचा केलाय हे बघण्यात दिवस जातो. रोटेनबुर्ग तटबंदीचं जुनं गाव, मार्केट छोटं, पण दिवसा टूरिस्टांच्या बस येतात म्हणून चारनंतर, बस गेल्यावर फिरा. तिथे जाताना ट्रेन दोनदा बदलावी लागते, आन्सबाख आणि श्टाइनाखला, परतीची शेवटची गाडी बघून ठेवा.

ड्रेस्डेनचं श्ट्रीत्सेलमार्क्ट 1434 पासूनचं, जर्मनीतल्या सगळ्यात जुन्या ख्रिसमस मार्केट्सपैकी एक. सुरुवात झाली तेव्हा नाताळच्या आधीचा एका दिवसाचा बाजार होता. नाव पडलं तिथल्या श्टोलन केकवरून, त्याचं जुनं नाव श्ट्रीत्सेल. दुसऱ्या ॲडव्हेंटच्या आदल्या शनिवारी तिथे काही टन वजनाचा श्टोलन गाडीवरून मिरवत आणतात आणि कापून विकतात, त्या दिवशी पोचता आलं तर बघा. ही परंपरा 1730 च्या एका शाही मेजवानीची आठवण म्हणून, तेव्हा 1.8 टनाचा केला होता.

व्हिसा, तिकीट, हॉटेल

शेंगेन व्हिसा, म्हणजे जर्मनीसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा, त्यासाठी प्रवासाच्या 6 महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि कमीत कमी 15 दिवस आधी तो द्यावा लागतो, पण पंधरा दिवसांच्या भरवशावर कोणीही राहू नये. डिसेंबरसाठी अपॉइंटमेंट ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घ्या, दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांची गर्दी त्याच सुमारास असते. फी मोठ्यांना 90 युरो, 6 ते 12 वर्षांच्या मुलांना 45, त्याच्याखाली फ्री, सर्व्हिस चार्ज वेगळा. प्रवास विमा कमीत कमी 30,000 युरो कव्हरचा हवा. आणि अर्ज कुठल्या देशाचा? जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाचा, रात्री सारख्याच असतील तर जिथे आधी उतरणार त्याचा.

हॉटेलचे रेट शुक्रवार-शनिवारी एकदम चढतात. म्हणून न्यूरेंबर्गचा मुक्काम रविवार ते गुरुवार ठेवा आणि वीकेंड दुसरीकडे काढा. न्यूरेंबर्गात महाग वाटलं तर शेजारच्या फ्युर्टला राहा, मेट्रोने जेमतेम पंधरा मिनिटं, आणि त्या गावाचं स्वतःचं छोटं मार्केटही असतं. (जर्मनीतली पहिली वाफेच्या इंजिनाची रेल्वे 1835 ला याच दोन गावांमध्ये धावली, रेल्वेवेड्या मंडळींसाठी न्यूरेंबर्गला रेल्वे म्युझियमही आहे.)

ट्रेनसाठी दोन गोष्टी. लांबचं अंतर, म्हणजे म्युनिक-न्यूरेंबर्ग किंवा न्यूरेंबर्ग-ड्रेस्डेन, त्याचं फास्ट ट्रेनचं तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त, आदल्या दिवशी काढलं तर किंमत बघून धक्का बसतो. आणि रोजच्या भटकंतीसाठी बायर्न तिकीट: बव्हेरिया राज्यातल्या लोकल-रिजनल गाड्यांमधून दिवसभर कितीही फिरा, पाच जणांपर्यंत एकाच तिकिटावर, माणसं वाढली की माणशी खर्च कमी होत जातो. सोमवार ते शुक्रवार सकाळी 9 नंतरच चालतं, शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासून. फास्ट ट्रेनमध्ये हे चालत नाही, चुकून बसलात तर दंड आहे. वर सांगितलेली बांबर्गपासून रोटेनबुर्गपर्यंतची चारही गावं याच्यात होतात.

कपडे

तापमान दिवसा तीन-चार, रात्री शून्याच्या आसपास किंवा खाली. बर्फ पडेलच असं धरू नका, राखाडी आभाळ आणि भुरभुर पाऊस हे जास्त कॉमन. आकडा ऐकून वाटतं, मनालीला गेलोय की, त्यात काय. पण मनालीला आपण चालत असतो नाहीतर गाडीत असतो. इथे तीन-तीन तास दगडी फरशीवर उभं राहायचं असतं आणि थंडी चढते ती पायातून. त्यामुळे सगळ्यात जास्त पैसे बुटांवर घाला, जाड सोलचे, वॉटरप्रूफ, आत लोकरीचे मोजे मावतील इतके सैल. घट्ट बुटात दोन मोजे कोंबले तर पाय उलट जास्त गार पडतात. आत थर्मल, मध्ये फ्लीस किंवा स्वेटर, वर वारा अडवणारं टोपीवालं जॅकेट, कारण गर्दीत छत्री उघडता येत नाही. हातमोजे असे घ्या की ते न काढता मोबाइल चालवता येईल. आणि ट्रेनमध्ये, दुकानात हीटर जोरात असतात, तेव्हा पटकन काढता येणारे थर हवेत, एकच अवजड कोट नको.

मार्केटमध्ये कधी जायचं

डिसेंबरमध्ये तिथे सव्वाचारला सूर्य मावळतो. माझी आवडती वेळ सोमवार ते गुरुवार दुपारी साडेतीन ते सहा. आधी उजेडात स्टॉल नीट बघून होतात, मग हळूहळू दिवे डोळ्यात भरायला लागतात, आणि ऑफिस सुटून लोक यायच्या आत आपलं खाणंपिणं झालेलं असतं. शनिवारी संध्याकाळी न्यूरेंबर्गचा चौक म्हणजे दिवाळीच्या आदल्या रविवारचा लक्ष्मी रोड, पाय न उचलता पुढे सरकतो माणूस, बाबागाडी घेऊन तर नकोच. लहान मुलं असतील तर मुख्य चौकाशेजारीच हान्स-साक्स-प्लाट्झला मुलांचं वेगळं मार्केट असतं, कॅरोसेल वगैरे तिथे आहे.

एक सूचना, विशेषतः स्विस टूर करून येणाऱ्यांना: खिशातला स्विस चाकू हॉटेलवर ठेवा. 2024 च्या ऑक्टोबरपासून जर्मनीत अशा सार्वजनिक उत्सवांच्या जागी चाकू जवळ बाळगायला बंदी आहे, छोटासुद्धा. पोलिस कोणाचीही बॅग तपासू शकतात. आत येण्याच्या रस्त्यांवर काँक्रीटचे मोठे अडथळे दिसतील, ते सुरक्षेसाठीच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पाकीट-पासपोर्ट मात्र आतल्या खिशात.

ग्लूवाइनचे मग आणि डिपॉझिट

नवीन माणूस इथे हमखास गोंधळतो. ग्लूवाइन म्हणजे दालचिनी, लवंग, संत्र्याची साल घालून गरम केलेली रेड वाइन. बोर्डावर किंमत लिहिलेली असते समजा साडेचार युरो आणि तुमच्याकडे मागतात साडेआठ. फसवत नाहीत, वरचे पैसे मगचं डिपॉझिट असतं, त्याला प्फांट म्हणतात, 2 ते 5 युरोपर्यंत, शहराप्रमाणे. कागदी कप नाही, खरा चिनी मातीचा मग देतात. पिऊन झालं की मग परत द्या, डिपॉझिट परत. काही ठिकाणी मगाबरोबर छोटं टोकनही देतात, ते हरवलं तर पैसे मिळत नाहीत, म्हणून ते हातमोज्यात किंवा वेगळ्या खिशात ठेवा. परत करायची खिडकी बऱ्याचदा बाजूला वेगळी असते. मग आवडला तर परतच करू नका, डिपॉझिट सोडलं की तो तुमचा, यात कुणालाही वावगं वाटत नाही. दरवर्षी, दर शहराचं डिझाइन वेगळं, न्यूरेंबर्गला बुटाच्या आकाराचाही मिळतो. फक्त ठेवून घ्यायचा असेल तर वापरलेला नेण्यापेक्षा काउंटरवर स्वच्छ मग बदलून मागा, देतात.

दारू नको असेल तर किंडरपुन्श मागा, फळांचा रस आणि तेच मसाले, गरमागरम, त्याच छान मगात, मुलं आणि आजी-आजोबा सगळ्यांना चालतो. मिट शुस असं लिहिलेलं असेल तर त्यात रम किंवा आणखी काही स्ट्राँग टाकलेलं असतं. ग्लूवाइन गोड असते म्हणून पटकन दोन मग संपतात आणि उपाशीपोटी ती चढते, आधी खाऊन घ्या. न्यूरेंबर्गला नदीकाठी फ्लाइशब्रुके पुलाजवळ फॉयरत्सांगेनबोलं मिळते, त्यात रममध्ये भिजवलेल्या साखरेच्या ढेपेला आग लावतात आणि ती वितळून खालच्या वाइनमध्ये ठिबकते, ती भलीमोठी कढई बघायला न पिणाऱ्यांनीही जावं.

रोख पैसे जवळ हवेतच. कार्ड घेणारे स्टॉल वाढलेत, पण बरेच अजून फक्त कॅश घेतात. 5 आणि 10 च्या नोटा, सुट्टी नाणी ठेवा, नाणी टॉयलेटलाही लागतात, अर्धा ते एक युरो. टॉयलेट कुठे आहे हे आल्या आल्या बघून ठेवा, तीन मग प्यायल्यावर शोधू नका.

खायचं काय, शाकाहारींनी काय

मांसाहारी लोकांचं सोपं आहे. न्यूरेंबर्गला द्राय इम वेगला, म्हणजे पावात घातलेले तीन छोटे ब्राटवुर्स्ट, भाजलेले सॉसेज. एकेक जेमतेम बोटाएवढं, 20-25 ग्रॅमचं, त्यात मारजोरम नावाच्या सुगंधी पाल्याचा वास असतो. पोर्क असतं हे लक्षात ठेवा, जवळपास सगळेच सॉसेज पोर्कचे. पोर्क न खाणाऱ्यांनी आधी विचारूनच घ्यावं.

शाकाहारी लोक थेपले आणि खाकरे घेऊन जातात, न्या, सकाळच्या ट्रेनमध्ये उपयोगी पडतात. पण मार्केटमध्ये उपाशी राहायची काही गरज नाही. पहिलं नाव कार्टोफेलपुफर, कोलोनकडे यालाच रायबेकूखन म्हणतात. किसलेल्या बटाट्याच्या चपट्या टिक्क्या. भल्यामोठ्या काळ्या तव्यावर भरपूर तेलात सोडतात, कडा आधी सोनेरी आणि मग तपकिरी होतात, मधला भाग मऊच राहतो, तव्यावरून थेट कागदी डिशमध्ये तीन, आणि वर ॲपलचा गोडसर गर. बटाट्यावर गोड काय घालायचं असं वाटेल, पण तसंच खा. त्यात कांदा आणि बहुतेक वेळा अंडं असतं, अंडं न खाणाऱ्यांनी विचारा. मग मशरूम: मोठ्या परातीत बटरवर परतलेले, वर लसणाचा पांढरा सॉस. भाजलेला अख्खा बटाटा आणि त्यावर दह्यासारखं क्वार्क. चीजवाले केजेश्पेत्सले, हे अंड्याचे नूडल्स. ड्रेस्डेनकडे हांडब्रोट, आत चीज आणि मशरूम भरलेला ताजा गरम ब्रेड, त्याचंच हॅमवालंही असतं, तेव्हा सांगताना मशरूम हा शब्द स्पष्ट, शांपिन्यों म्हणा. कोनात भाजलेले चेस्टनट. आणि साखर-दालचिनीत घोळवलेले बदाम, गेब्रांटं मांडेल्न, यात अंडं-बिंडं काही नाही, बिनधास्त घ्या, लहान पुडी पुरत नाही.

फसवणारी गोष्ट म्हणजे श्पेक, म्हणजे बेकन. पातळ पिझ्झ्यासारख्या फ्लामकूखनवर मूळ रेसिपीतच ते असतं, श्पेत्सलेवर वरून भुरभुरतात, कोबीच्या भाजीतही असतं. ओनं फ्लाइश, ओनं श्पेक, म्हणजे मांस नको, बेकन नको, एवढी दोन वाक्यं पाठ करा. नुसतं व्हेजिटेरियन म्हटलं तर बहुतेकांना कळतंच, पण गर्दीत घाईत असतात, समोर बोट दाखवून विचारलेलं बरं.

गोडात न्यूरेंबर्गचे लेबकूखन. मधाच्या जंगलाशेजारचं आणि मसाल्याच्या व्यापारी रस्त्यांवरचं शहर, त्यामुळे तिथे हे मसाल्याचे केक-बिस्कीट वाढले. दालचिनी, लवंग, वेलची, जायफळ, सगळं आपल्याच डब्यातलं, आणि बरंचसं त्या काळी आपल्याच किनाऱ्यांवरून गेलेलं. सगळ्यात वरची क्वालिटी एलिझेनलेबकूखन: त्यात कमीत कमी 25 टक्के बदाम, हेझलनट किंवा अक्रोड असावे लागतात आणि पीठ जास्तीत जास्त 10 टक्के. दुकानात पाकिटावर तेवढं एक नाव शोधा. अंडं असतं त्यात. आणि गळ्यात घालायची, आयसिंगने नाव लिहिलेली हृदयाच्या आकाराची बिस्किटं मिळतात ती दिसायला छान पण खायला कडक, ती शोभेलाच घ्या.

खरेदी

लाकडी वस्तू घ्यायच्या तर ड्रेस्डेनला. जवळच एर्त्सगेबिर्गं नावाचा डोंगराळ भाग आहे, तिथल्या खाणी संपत आल्यावर खाणकामगार लाकूडकामाकडे वळले आणि झायफेन गाव त्याच्यासाठी जगात नावाजलं. नटक्रॅकर म्हणजे अक्रोड फोडणारे लाकडी बाहुले, तोंडातून धूर सोडणारे छोटे पुतळे, मेणबत्तीच्या उष्णतेने गोल फिरणारे पिरॅमिड, खिडकीत ठेवायच्या दिव्यांच्या कमानी. यातले छोटे लाकडी प्राणी कसे करतात ते कुठे प्रात्यक्षिक दिसलं तर नक्की थांबा. कारागीर लेथवर ओल्या लाकडाची एक जाड रिंग कोरत जातो, बाहेरून आणि आतून, तेव्हा प्राणी दिसतच नाही, नुसत्या खाचा आणि उंचवटे. मग ती रिंग बाजूला घेऊन पाचरीसारखे तुकडे पाडतो, आणि प्रत्येक तुकड्याच्या कापलेल्या बाजूला घोडा, एका रिंगमधून घोड्यांचा सगळा कळप. पूर्ण वेळ तो जे कोरत असतो ते त्याला स्वतःला दिसत नसतं. हे एकदा बघितलं की त्या इवल्याशा प्राण्याची किंमत महाग वाटत नाही. ओळखायचं कसं? बऱ्याच स्टॉलवर बाहेरून आलेला स्वस्त माल पण असतो. वस्तूच्या तळाशी एर्त्सगेबिर्गंचं नाव आणि कारखान्याचा शिक्का बघा आणि सरळ विचारा की कुठे बनवलंय, ज्यांनी स्वतः बनवलेलं असतं ते आनंदाने सांगतात.

हर्नहुटचा तारा हे माझं सगळ्यात आवडतं. ड्रेस्डेनच्या पूर्वेकडच्या हर्नहुट गावाशी जोडलेल्या मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या शाळेत भूमिती शिकवायला म्हणून हे तारे सुरू झाले, 25 टोकं, आत दिवा. गोव्यात, वसईत, बांद्र्याला घरावर नाताळचा तारा लावणाऱ्यांनी हा जवळून बघायलाच हवा. कागदी घ्या, सुटी टोकं एकात एक बसतात, बॅगेत जागा लागत नाही आणि घरी आल्यावर मुलांबरोबर बसून जोडायचा. बाहेर गॅलरीत लावायचा तर प्लॅस्टिकचा. व्होल्टेज तिथे आपल्यासारखंच 230, दिवा चालतो.

न्यूरेंबर्गहून त्स्वेत्शगेनमेनलं आणा, सुकवलेल्या प्लमपासून केलेली हातभर नाही, वीतभर उंचीची माणसं, डोक्याला अक्रोड. विमानात सांभाळून आणायची, ओलसर हवेत मुंगी लागू शकते म्हणून काचेच्या कपाटातच ठेवा.

घासाघीस करू नका, किंमत ठरलेली असते आणि त्यांना ते अपमानास्पद वाटतं. वस्तू हाताळायच्या आधी विचारा, विशेषतः काचेचे गोळे. रविवारी शहरातली दुकानं बंद, मार्केट चालू. म्हणजे रविवारी मार्केट, सोमवारी दुकानं असं लावा, आणि औषधं जी लागतात ती इथूनच न्या.

वयस्कर माणसं बरोबर असतील तर

मार्केटमध्ये बसायला जवळपास काही नसतं, उंच टेबलांभोवती उभं राहूनच खायचं. म्हणून आई-बाबांना घेऊन जाताना चौकाजवळचं एखादं कॅफे आधीच बघून ठेवा आणि दर तासाला आत बसवा. हॉटेल शक्यतो चालत जाता येईल इतकं जवळ, त्यांना मध्येच परत जावंसं वाटलं तर कुणाचाच मूड जात नाही. चर्चमध्येही शांत बसता येतं, संध्याकाळी ऑर्गन किंवा कॉयरचे कार्यक्रम असतात, काही फ्री असतात, दारावर पत्रक लावलेलं असतं. 5 डिसेंबरच्या आसपास बव्हेरिया-ऑस्ट्रियाकडे असाल तर शिंगवाले, केसाळ मुखवट्यांचे क्राम्पुस रस्त्यावर फिरतात, घंटा वाजवत अंगावर येतात, लहान मुलांना आधी सांगून ठेवा नाहीतर रात्रभर घाबरतील. 6 तारखेला सेंट निकोलस येतो, तो खाऊ देतो.

24 तारखेला तिथेच असाल तर

24 ला दुपारी दोनच्या सुमारास सगळं बंद व्हायला लागतं, सुपरमार्केटसुद्धा. 25 आणि 26 दोन्ही दिवस सरकारी सुट्टी. अडीच दिवसांचं दूध, ब्रेड, फळं, पाणी गरम करून होणारं काहीतरी आदल्या दिवशीच भरून ठेवा. नळाचं पाणी पिण्याचं असतं. मोठ्या रेल्वे स्टेशनवर काही दुकानं उघडी सापडतात. रेस्टॉरंटमध्ये जेवायचं तर आठवडाभर आधी टेबल सांगून ठेवा, 24 च्या रात्री तिथली माणसं घरी असतात. आणीबाणीत फोन 112.

परतीची बॅग

श्टोलन आठवडेच्या आठवडे टिकतो, ड्रेस्डेनचा अस्सल हवा असेल तर सोनेरी शिक्का बघून घ्या, त्याला युरोपियन युनियनचं संरक्षित नाव आहे. मनुका रममध्ये भिजवलेल्या असतात, घरी कोणाला चालत नसेल तर सांगून वाढा. वजनाला जड असतो, दोन घेतले की बॅगेचं गणित बदलतं. ग्लूवाइनचे मग मोज्यांत गुंडाळून बुटांच्या आत ठेवा. स्नो ग्लोब हातातल्या बॅगेत ठेवू नका, आत पाणी असतं आणि 100 मिलीच्या वर असेल तर सिक्युरिटीला काढून घेऊ शकतात, लहान मूल तिथेच रडतं, तो चेक-इन बॅगेत कपड्यांच्या मधोमध. लेबकूखनचे पत्र्याचे डबे चेपतात, ते हातातल्या बॅगेत. ग्लूवाइनची बाटली आणायची असेल तर चेक-इनमध्येच, आणि परतताना मोठ्या माणसाला माणशी 2 लिटरपर्यंत दारू ड्युटी न भरता आणता येते. घरी ती गरम करताना उकळू द्यायची नाही, वाफ यायला लागली की गॅस बंद, नाहीतर मसाले कडू होतात.